आत्तींचं एक वाक्य आणि बाकीची लढाई

नव्या सुनेसमोर माणसं काय वाटेल ते बोलतात. ती बोलत नाही म्हणजे तिला ऐकूही येत नाही, असा सगळ्यांचा समज असतो. त्यामुळे लग्नाला वर्ष व्हायच्या आतच माझ्याकडे इतके किस्से साठलेत, की माहेरी शहापूरला गेले की मैत्रिणी आधी चहा ठेवतात आणि मग मांडी ठोकून विचारतात, "हं, सांग आता. त्या लढाईत पुढं काय झालं?"

लढाई टीव्हीची. निपाणीजवळच्या आमच्या गावात यंदा एका मालिकेच्या एका भागाचं शूटिंग झालं. एक जादुई स्त्रीराज्य आहे, तिथं औषधालाही पुरुष नाही, सगळ्या बायका तलवारी घेऊन हिंडतात, आणि डोंगरापलीकडचा दैत्य त्यांच्यावर चालून येतो, अशी ती गोष्ट. राणी मुंबईहून आली. राणीची छत्री धरणारी मुलगीही मुंबईहून आली. सैन्य मात्र लोकल घ्यायचं ठरलं.

सैन्य गोळा करायला एक को-ऑर्डिनेटर आला. तो बायकांकडे गेलाच नाही. सरळ देवळाच्या कट्ट्यावर गेला, तिथं बसलेल्या पुरुषांना हात जोडले आणि म्हणाला, "स्वतंत्र स्त्रियांचं राज्य आहे. तुमची परवानगी पाहिजे."

कट्टा विचारात पडला. एकानं विचारलं, "राज्यात बाप्या एक बी न्हाय म्हणतासा. मग बायकांस्नी घरला कोण सोडणार?"

"जीप सोडेल की."

"जीप कोण चालवणार?"

"ड्रायव्हर."

"म्हंजे बाप्या हाय!"

"आहे, आहे!"

कट्ट्याचा जीव भांड्यात पडला. परवानगी मिळाली!

मीही सैन्यात होते. दुसऱ्या रांगेत, ढालीच्या मागं. तिथून सगळं दिसतं आणि आपण कुणाला दिसत नाही. आमचे हे बेळगावात उद्यमबागेत नोकरीला, शनिवारी घरी येतात. त्यांचा फोन आला, "तू बी लढणार म्हणं?"

"हो."

"कुणाशी?"

"अजून ठरलं नाही," मी म्हटलं.

*

आता आमच्या घरचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्ती. मामांना बोलायची भारी हौस. इतकी की आत्तींच्या वाट्याचंही तेच बोलतात. पाहुण्यांकडे गेलं आणि कुणी आत्तींना "चहा?" म्हटलं की मामा सांगतात, "ती घेत न्हाय." दुकानात आत्ती साडी बघत असल्या की मामा म्हणतात, "तिला हिरवी नगं." एकदा डॉक्टरांनी आत्तींना विचारलं, "कुठं दुखतंय?" मामांनी स्वतःच्या कमरेवर हात ठेवला, "हितं." डॉक्टरांनी तिथं दाबलं. आत्ती गप्पच होत्या, ओरडले मामा!

सैन्याची निवड शाळेच्या मैदानावर होती. आम्ही सगळ्या ओळीनं उभ्या. डायरेक्टर एकेकीला बघत पुढं आला आणि आत्तींपाशी थांबला. आत्ती उंच, ताठ, आणि नजर अशी की चुलीवरचं दूधही उतू जाताना एकदा विचार करतं.

"मावशी, तुमचं नाव?"

"कमलाबाई," मागून मामा म्हणाले.

"वय?"

"साठीला टेकली," मामा म्हणाले.

"एक डायलॉग आहे. बोलाल?"

मामांनी तोंड उघडलं.

"व्हय," आत्ती म्हणाल्या.

मामांचं तोंड बराच वेळ तसंच राहिलं. मी या घरात आल्यापासून आत्तींनी मामांच्या आधी दिलेलं हे पहिलं उत्तर!

तर आत्ती झाल्या सेनापती. शेवटच्या सीनमध्ये दैत्याला बांधून आणतात, सेनापती त्याच्यासमोर तलवार घेऊन उभी राहते आणि म्हणते, "गुडघे टेक! आता मी बोलणार, आणि तू ऐकणार." एवढंच. मालिका हिंदी होती, पण पुढं सगळ्या भाषांत डबिंग व्हायचंच होतं. म्हणून गावच्या बायकांनी आपल्या भाषेत बोललं तरी चालेल, असं सांगितलं होतं.

"आत्ती, पण डबिंग म्हणजे आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी घालतात," मी एकदा भीत भीत सांगितलं. आत्ती भाकरी थापत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

"घालू देत की. तोंड तर माझं हलणार न्हवं?"

त्या दिवसापासून मी गंमत म्हणून बघायचं सोडून दिलं. आत्ती ते वाक्य कुकरला म्हणायच्या, रांजणाला म्हणायच्या, गोठ्यात म्हशीला म्हणायच्या. फक्त माणसांसमोर म्हणायची वेळ कधी येईना. कारण घरात कुणी आलं आणि "व्हय वैनी, डायलॉग काय हाय म्हणं?" असं विचारलं, की मामा उठून उभे राहायचे, हात उगारायचे आणि गरजायचे, "आता मी बोलणार, आणि तू ऐकणार!"

आत्ती ऐकायच्या.

*

सैन्याचे कपडे ठेवायला जागा पाहिजे होती. निपाणीच्या बाजूला रिकामी मोठी जागा म्हणजे तंबाखूची वखार. कपडे, झूल, राणीचा लांबलचक अंगरखा, सगळं दोन रात्री वखारीत राहिलं.

तिसऱ्या दिवशी शपथेचा सीन. वारा सुटलाय, राणी डोंगराकडे बघत उभी आहे, मागं आमचं सैन्य. डायरेक्टरनं सगळ्यांना बजावलं, "मला शांतता पाहिजे. युद्धाच्या आधीची शांतता!"

राणीनं अंगरखा झटकला आणि तलवार उगारली. "मी शपथ घेते की..." आणि शिंकली. मग छत्रीवाली शिंकली. मग कॅमेरावाला. डायरेक्टर "कट" म्हणायला गेला आणि त्यातच शिंकला. मुंबईचं सगळं युनिट डोळे पुसत, वाकून वाकून शिंकत होतं, आणि मागं आमच्या बायका दगडासारख्या उभ्या! एकीची पापणी लवली नाही.

डायरेक्टर भारावला. नाक पुसत म्हणाला, "बघा! ही शिस्त! हे ट्रेनिंग कुठं मिळालं तुम्हाला?"

आमच्या शेजारच्या सुमनआक्कांनी अर्धं आयुष्य वखारीत तंबाखू चाळण्यात घालवलंय. त्या म्हणाल्या, "वखारीत, साहेब. तितं शिंकाय सुट्टी न्हवती."

*

स्त्रीराज्याला एक भलीमोठी वेस केली होती. फायबरची, पण लांबून दगडीच वाटायची. वर चार-पाच वेडीवाकडी अक्षरं कोरली होती. सेट उभारणाऱ्या कलाकारानं डोक्यातून काढलेली.

वेस उभी राहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गट आले. एक रस्त्याच्या या बाजूनं, एक त्या बाजूनं.

"पाटीवर कन्नड कुठं आहे?" एका गटानं विचारलं.

"मराठी का नाही?" दुसऱ्यानं विचारलं.

कलाकार मुंबईचा. त्याला वाटलं, समजावून सांगितलं की संपेल. बिचारा म्हणाला, "अहो, ही काल्पनिक लिपी आहे!"

"काल्पनिक असू दे. पण वर कन्नड पायजे, मग खाली काल्पनिक."

"राज्य काल्पनिक असंल, जमीन खरी हाय की आमच्या गावची!"

मामा तिथं होतेच. त्यांनी डायरेक्टरला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ह्या राणीचं राज्य नेमकं कंच्या बाजूला येतंय? न्हाय, आमची सीमेची केस कोर्टात हाय म्हणून इचारतो."

चहा आला. चहा पिता पिता दोन्ही गटांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की अक्षरं बघितली तर इंग्रजीच वाटतात आणि हे अजिबात खपवून घेतलं जाणार नाही! इतक्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच कशावर तरी जमत होतं. बघायला बरं वाटलं.

दुपारी अक्षरं घासून काढली आणि तिथं कवटी बसवली.

कवटीबद्दल कुठल्याच बाजूनं तक्रार आली नाही.

*

राणी हवेत तीन गिरक्या घेऊन दैत्याच्या चार शिपायांना लोळवते, असा एक सीन होता. गिरक्या घ्यायला मात्र वेगळा माणूस होता. खरोखरच पुरुषमाणूस. राणीचा विग, राणीचा अंगरखा, आणि अंगरख्याच्या वर झुपकेदार मिशी!

"मिशी काढा की हो त्याची," एक बाई म्हणाली.

"लांबून दिसत नाही," असिस्टंट म्हणाला. "क्लोजअपला मॅडम येतात."

सुमनआक्का टक लावून बघत होत्या. म्हणाल्या, "आमच्या घरात उलटं हाय गं बाई. उड्या माझ्या, क्लोजअप ह्येंचा."

योगायोग असा की दैत्याच्या शिपायांत सुमनआक्कांचे मालकही होते. अंगाला राख, तोंडावर रबरी मुखवटा, डोक्याला शिंगं. ओळखू येण्यासारखं काहीच नव्हतं, पण सुमनआक्कांनी पायातल्या चपला ओळखल्या. त्यांनीच तर अंगठा शिवून आणला होता!

सीन असा, की बायकांनी शिपायांना मारल्यासारखं करायचं. बाकीच्या बायका हळूच काठी टेकवत होत्या आणि "लागलं न्हाय न्हवं?" असं विचारत होत्या, म्हणून डायरेक्टर वैतागलेला. आणि तेवढ्यात कोपऱ्यात खरीखुरी लढाई पेटली. सुमनआक्कांच्या काठीचा आवाज आमच्या ढालीपर्यंत येत होता. "परवा भाजी आणली का? आणली का?" असं त्या प्रत्येक तडाख्याला म्हणत होत्या. एवढा भाग डबिंगमध्ये जाणार, म्हणून कुणी अडवलं नाही.

डायरेक्टर खुर्चीवरून उठला. "ह्याला म्हणतात रिअ‍ॅलिझम! ब्युटिफुल! सेम पोझिशन, वन मोअर!"

शिपायानं मुखवटा काढला. घामानं राख ओघळली होती. म्हणाला, "साहेब, आता दुसरं भूत उभं करा. मी मेलो न्हवं मगाशी!"

*

डायरेक्टरला एक विशिष्ट उजेड पाहिजे होता. सूर्य मावळायच्या जरा आधी दहा मिनिटं पडतो तो सोनेरी उजेड. त्या उजेडात आमचं सैन्य टेकडीवर उभं, समोर शत्रूचं सैन्य, आणि मधे राणी एकटी. सकाळपासून सगळं युनिट त्या दहा मिनिटांसाठी राबत होतं. रूळ टाकले, ट्रॉली बसवली, धूर सोडायची भांडी पेटवली.

आणि तो उजेड आला. टेकडी नुसती पेटल्यासारखी दिसायला लागली. डायरेक्टरनं दोन्ही हात वर केले, "अ‍ॅक्शन!"

टेकडीवर सैन्य दिसतच नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या निम्म्याहून जास्त बायका जैनांच्या घरातल्या. दिवस बुडायच्या आत जेवायचं, हे ठरलेलं. मावळतीकडे बघून त्यांनी तलवारी झाडाला टेकवल्या आणि डबे उघडले. जैनांच्या बायका बसल्यावर बाकीच्यांना एकटं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून त्याही बसल्या. मी तर भाकरी वाढत होते.

डायरेक्टर धापा टाकत टेकडी चढून आला. "अहो, हे काय? शत्रू समोर उभा आहे!"

आत्तींनी हातातला घास खाली ठेवला, हाताचा आडोसा करून टेकडीच्या खाली बघितलं आणि म्हणाल्या, "त्येस्नी बी बोलवा की. सकाळपासनं उभी हाईत लेकरं."

तो भाग टीव्हीवर आला तेव्हा त्या ठिकाणी नुसती टेकडी दाखवली आणि मागून सनई वाजवली.

*

आता शेवटचा दिवस. आत्तींच्या वाक्याचा.

दैत्याचं काम करणारा नट त्या एकाच दिवसापुरता आला होता. अंगानं दांडगा, आवाज खर्जातला. आल्या आल्या त्यानं कागद बघितला आणि रुसला. "अख्ख्या भागात माझं नावच कुणी घेत नाही. मी इथला सम्राट आहे की पोस्टमन?"

डायरेक्टरनं त्याची समजूत काढली आणि आत्तींकडे आला. "मावशी, एक छोटा चेंज. सुरुवातीला दैत्याचं नाव घ्यायचं. नाव स्पष्ट ऐकू आलं पाहिजे हं, कारण नावाचं डबिंग नाही करत आपण."

"काय नाव हाय?"

"भूपाल."

आमच्या सगळ्या फौजेच्या माना आत्तींकडे वळल्या.

मुंबईच्या लेखकाला ते जुन्या काळातलं भारदस्त नाव वाटलं असणार. आमच्या निपाणी-चिकोडीकडे गल्लीच्या एका टोकाला उभं राहून ही हाक मारली तर तीन दारं उघडतात. आणि आमच्या मामांचं नाव भूपाल. (मीसुद्धा ते तोंडानं घेत नाही. लिहिण्याबद्दल मात्र मला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.)

को-ऑर्डिनेटरनं डायरेक्टरच्या कानात सगळं सांगितलं. नवऱ्याचं नाव घेत नाहीत, सासऱ्याचं नाही, थोरल्या दिराचं नाही.  डायरेक्टर आत्तींना म्हणाला, "मावशी, पण ही सेनापती आहे! योद्धा! हिला नवरा नाही!"

"मला हाय," आत्ती म्हणाल्या.

"नाव बदला की मग दैत्याचं," सुमनआक्का म्हणाल्या.

"आधीच्या भागांत येऊन गेलंय हो ते!"

"मग 'अहो' म्हणू द्या. अहो, गुडघे टेका."

नट खवळला. "दैत्याला अहो?"

"बरं, मग उखाण्यात घेतील त्या. तलवारीच्या मुठीला रेशमाचा गोंडा..." सुमनआक्कांनी सुरूसुद्धा केलं. डायरेक्टरनं डोकं धरलं.

दुसरी बाई उभी करावी, असं ठरलं. ओळीनं विचारत गेले. एकीचा सासरा. एकीचा थोरला दीर. एकीचा चुलत सासरा, आणि तो कट्ट्यावर बसून बघतोय! तलवारी घेऊन दैत्याला पकडून आणलेल्या बायका, पण त्याला हाक मारायला एकही तयार नाही.

डायरेक्टरनं घड्याळ बघितलं. "ठीक आहे. छत्रीवाल्या मुलीला घ्या. मावशींचा अंगरखा तिला घाला."

असिस्टंट आत्तींकडे आला आणि तलवार घ्यायला हात पुढं केला.

शूटिंग बघायला अख्खं गाव कॅमेऱ्याच्या मागं उभं होतं. सगळ्यांत पुढं मामा, पांढरंशुभ्र धोतर नेसून. ते तिथूनच म्हणाले, "तसंच करा, साहेब. ती घेणार न्हाय. तिला कायबी वाटणार न्हाय, मी सांगतो न्हवं!"

आत्तींनी मामांकडे बघितलं. मग असिस्टंटच्या हाताकडे बघितलं. दुसऱ्या रांगेतून मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती, आणि तलवारीच्या मुठीवरची बोटं. ती सैल झाली नाहीत.

"सरक," त्या असिस्टंटला म्हणाल्या. आणि डायरेक्टरला म्हणाल्या, "चालू करा तुमचं."

दैत्याला दोरखंड बांधून आणलं. तो छाती काढून उभा राहिला. कॅमेरा फिरायला लागला. 

"भूपाल!"

आवाज टेकडीवर आपटून परत आला. माझ्या शेजारच्या बाईनं ढालीआड तोंड लपवलं.

"गुडघे टेक! आता मी बोलणार, आणि तू ऐकणार."

मुंबईचा नट इतका दचकला, की आपल्याला काय करायचंय तेच विसरला. तो ताठ उभाच राहिला, तोंड उघडं टाकून. डायरेक्टर कट म्हणायचा विसरला. मी ढाल जराशी खाली केली आणि कॅमेऱ्याच्या मागं बघितलं.

गर्दीच्या पुढं, शुभ्र धोतर मातीत लोळवत, मामा दोन्ही गुडघे टेकून बसले होते.